निद्रेत जागे कोण असते?

सौंसर तालुक्यातील जामसावळी येथे पिंपळाच्या छायेत असलेली श्रीहनुमंताची मूर्ती आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. अन्यत्र मारुतिराय गदा घेऊन उभे असतात, द्रोणागिरी उचलून उड्डाण करीत असतात, अथवा रामचरणी हात जोडून बसलेले असतात. जामसावळीस मात्र ते पहुडलेले आहेत. ज्या दैवताला आपण गावाच्या वेशीवर राखणदार म्हणून बसवितो, तेच येथे निजलेले पाहून एखादे लहान मूल सहज विचारील की, मारुती झोपला आहे, तर मग तो आपले गाऱ्हाणे ऐकतो कसा?

हा प्रश्न पोरकट समजून सोडून देऊ नये. उपनिषदांतील ऋषींनी तोच प्रश्न विचारला आहे, आणि आजच्या मेंदूशास्त्राच्या प्रयोगशाळांतही तोच विचारला जात आहे. निजलेल्या माणसात जागे कोण असते? गाढ झोपेत आपण नाहीसे होतो काय? होत नसू, तर सकाळी उठणारा मनुष्य काल रात्री निजलेलाच आहे, ही खात्री आपणांस कोठून येते? प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा शास्त्रांच्या व विज्ञानाच्या आधारे थोडा विचार करावयाचा आहे, आणि त्यापासून आपल्या घरच्या व मंदिराच्या आचरणास काय बोध घ्यावयाचा, तेही पाहावयाचे आहे.

अजातशत्रूचा प्रयोग

बृहदारण्यकोपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात एक आख्यान आहे. गार्ग्य बालाकी नावाचा विद्याभिमानी ब्राह्मण काशीचा राजा अजातशत्रू याजकडे जाऊन 'मी तुला ब्रह्म सांगतो' असे म्हणाला. सूर्य, चंद्र, विद्युत्, वायू अशा एकेका वस्तूतील पुरुषाला त्याने ब्रह्म म्हटले, आणि प्रत्येक वेळी राजाने 'इतके पुरेसे नाही' असे दाखविले. गार्ग्य निरुत्तर होऊन स्तब्ध बसला, तेव्हा राजा त्याचा हात धरून त्याला एका निजलेल्या माणसापाशी घेऊन गेला. राजाने त्या माणसाला मोठमोठ्या बिरुदांनी हाका मारल्या. तो उठला नाही. मग हाताने हालविले, तेव्हा तो उठला. त्यावर राजाने विचारले, 'हा निजला होता, तेव्हा यातील जाणणारा पुरुष कोठे होता, आणि आता तो कोठून आला?'

वाचकहो, या आख्यानाची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. राजाने येथे शब्दांचा वाद घातला नाही. त्याने प्रत्यक्ष निजलेला मनुष्य दाखविला, त्याला प्रथम सौम्य व मग प्रबळ असे दोन प्रकारचे उद्दीपन दिले, आणि परिणामातील भेद गार्ग्याच्या नजरेस आणून दिला. आजचा निद्राशास्त्रज्ञही झोपेची गाढता मोजताना हेच करतो. किती मोठ्या आवाजाने माणूस जागा होतो, यावरून तो झोपेची खोली ठरवितो. गाढ निद्रेत कान उघडे असतात, ध्वनी कानात शिरतो, तरीही ऐकणारा जागेवर नसतो. यावरून ऐकणे हे केवळ कानाचे काम नव्हे, हे सिद्ध होते.

प्रश्नोपनिषदातही चौथा प्रश्न असाच आहे. या पुरुषात निजते कोण, जागे राहते कोण, आणि स्वप्न पाहते कोण, असे सौर्यायणी गार्ग्याने पिप्पलाद ऋषींस विचारले. मावळत्या सूर्याचे किरण जसे त्याच्या बिंबात एकत्र होतात, तशी सर्व इंद्रिये मनात एकवटतात, आणि या देहरूपी नगरात प्राणांचे अग्नी तेवढे जागे राहतात, असे ऋषींनी उत्तर दिले.

अवस्थांची गणना

मांडूक्योपनिषदात अवघे बारा मंत्र आहेत. परंतु निद्रेच्या विचाराची सर्व चौकट त्यांत आली आहे. जागृतीत जाणीव बाहेरच्या विषयांकडे वळलेली असते, म्हणून तिला 'वैश्वानर' म्हटले. स्वप्नात ती आतील संस्कारांकडे वळते, म्हणून 'तैजस'. सुषुप्तीत इच्छा नाही, स्वप्न नाही, जाणीव जणू एका ठिकाणी गोळा झालेली. ती 'प्राज्ञ' अवस्था होय. या तिन्हींना जो प्रकाशित करतो तो 'तुरीय'. तुरीय ही चौथ्या प्रकारची झोप आहे, असे मात्र कोणी समजू नये. तीन खोल्यांतून एकच दिवा फिरविला, तर खोल्या तीन झाल्या. दिव्याला कोणी चौथी खोली म्हणत नाही.

आता विज्ञानाकडे वळू. मेंदूत उत्पन्न होणारे सूक्ष्म विद्युत्प्रवाह कवटीवरून नोंदविता येतात, हे जर्मन वैद्य हान्स बर्गर यांनी 1929 साली प्रसिद्ध केले. त्यामुळे झोपलेल्या माणसाला न उठविता त्याच्या मेंदूची स्थिती पाहण्याची सोय झाली. पुढे 1953 साली शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की व नॅथॅनियल क्लाइटमन यांना असे आढळले की, झोपेत ठराविक काळाने बंद पापण्यांखाली डोळे जलद हालू लागतात, आणि त्या वेळी माणसाला उठविले तर तो बहुधा स्वप्न सांगतो. 1959 साली फ्रान्समधील मिशेल जूव्हे यांनी या निद्रेला 'विरोधाभासी निद्रा' असे नाव दिले. कारण तीत मेंदूच्या लहरी जागृतीसारख्या चपळ असतात, आणि शरीराचे स्नायू मात्र पूर्णपणे शिथिल पडलेले असतात.

प्रौढ माणसाची रात्र अशा रीतीने सुमारे नव्वद नव्वद मिनिटांच्या चार-पाच आवर्तनांत विभागलेली असते. आरंभीच्या आवर्तनांत मंद व मोठ्या लहरींची गाढ निद्रा अधिक असते. पहाटेकडे स्वप्नबहुल निद्रा वाढत जाते. या दुसऱ्या प्रकारच्या निद्रेचा भाग प्रौढांत साधारण पाव असतो, आणि नवजात बालकात जवळजवळ निम्मा. पहाटेची स्वप्ने अधिक आठवतात, याचे कारण यात आहे.

तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. उपनिषदांतील 'स्वप्न' म्हणजे चपळ-नेत्रांची निद्रा, आणि 'सुषुप्ती' म्हणजे मंद लहरींची निद्रा, असे समीकरण मांडून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो. ते बरोबर नाही. मंद निद्रेतून उठविलेली माणसेही कित्येकदा स्वप्न सांगतात, हे पुढील संशोधनात दिसून आले आहे. ऋषींनी अनुभवाचे वर्गीकरण केले. शास्त्रज्ञांनी मेंदूच्या क्रियांचे केले. एकाच नदीचे पाणी एकाने चाखून पाहावे व दुसऱ्याने मापून पाहावे, तसा हा प्रकार आहे. दोन्ही ज्ञाने उपयुक्त आहेत. परंतु चव म्हणजे माप नव्हे.

इंद्राची तक्रार

सुषुप्तीविषयी सर्वांत प्रामाणिक शंका छांदोग्योपनिषदात इंद्राने घेतली आहे. स्वप्नरहित गाढ निद्रेत जो असतो तोच आत्मा, असे प्रजापतीने सांगितले. इंद्र समाधान पावून निघाला. परंतु देवांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्याचे मन साशंक झाले. या अवस्थेत तर मनुष्य 'हा मी' असेही स्वतःला जाणत नाही. तो जणू नाशच पावतो. यात मला काही हित दिसत नाही, असे म्हणून तो परत फिरला. प्रजापतीने त्याला रागे भरले नाही. 'तुझे म्हणणे खरे आहे' असे म्हणून आणखी पाच वर्षे राहावयास सांगितले, आणि एकंदर एकशे एक वर्षे ब्रह्मचर्याने राहिल्यावर पुढील उपदेश केला. शंका घेणाऱ्या शिष्याला आपल्या परंपरेत केवढा मान होता, हे यावरून कळते.

या शंकेस वेदान्ताने दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. झोपेतून उठल्यावर मनुष्य म्हणतो, 'मी सुखाने निजलो होतो, मला काही कळले नाही.' हे स्मरण आहे, आणि ज्याचा अनुभव नाही त्याचे स्मरण होत नाही. म्हणून 'काही न कळणे' हेही त्या वेळी कोणीतरी अनुभवीत होते, असे मानावे लागते. पतंजलींनीही योगसूत्रांत निद्रेला वृत्तीचा अभाव न म्हणता एक वृत्तीच म्हटले आहे, आणि भाष्यकार व्यासांनी त्यास हेच स्मरणाचे प्रमाण दिले आहे. नैयायिकांना मात्र हे मान्य नाही. त्यांचे म्हणणे असे की, अंग हलके झालेले व वेळ गेलेला पाहून मनुष्य मागाहून अनुमान करतो. ते स्मरण नव्हे.

हा वाद आपल्या पाठशाळांत शतकानुशतके चालला, आणि तो अद्याप शिळा झालेला नाही. 2005 साली मासिमिनी, तोनोनी प्रभृती संशोधकांनी चुंबकीय स्पंदनाने मेंदूच्या एका भागास हलका धक्का देऊन पाहिले. जागेपणी त्या धक्क्याचा प्रतिसाद मेंदूच्या दूरदूरच्या भागांत पसरत गेला. मंद लहरींच्या निद्रेत तो जागच्या जागीच विरून गेला. मेंदू बंद पडलेला नव्हता, त्याच्या भागांचे परस्परांशी संभाषण मात्र थांबले होते. बाहेर गेलेली इंद्रिये एकवटतात, हे पिप्पलादांचे वर्णन येथे सहज आठवते. पण आठवण होणे म्हणजे प्रमाण मिळणे नव्हे, हेही ध्यानी ठेवावे. पुढे 2016 साली विंट, नीलसन व थॉम्प्सन या तीन अभ्यासकांनी, स्वप्नरहित निद्रेत जाणीव सर्वस्वी लोपते हे गृहीत धरणे योग्य नाही, अशा आशयाचा लेख लिहिला, आणि त्या विचारात भारतीय दर्शनांतील हा जुना वादही विचारात घेतला गेला. इंद्राची शंका अजून सभेत उभी आहे, असेच म्हटले पाहिजे.

समाधीच्या बाबतीतही आपल्या देशात प्रयोग झालेले आहेत. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची शास्त्रीय परीक्षा सुरू केली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना व बलदेव सिंग यांनी 1961 साली काही योग्यांच्या मेंदूलहरींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ध्यानस्थितीत त्यांच्या मेंदूत शांत जागृतीच्या लहरी टिकून राहिल्या, आणि बाहेरच्या उद्दीपनांनी त्या खंडित झाल्या नाहीत. ध्यान म्हणजे डुलकी नव्हे, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. तुरीय यंत्राने सापडले, असे मात्र म्हणता येत नाही.

छातीवर बसणारे 'भूत'

येथवर तत्त्वविचार झाला. आता या ज्ञानाचा एक असा उपयोग सांगावयाचा आहे की, ज्यावर कित्येक घरांचे स्वास्थ्य अवलंबून आहे.

रात्री मध्येच जाग येते. डोळे उघडे असतात, खोली दिसते. परंतु हात हालत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही. छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते, कधी दाराशी काळी आकृती दिसते. काही क्षणांनी, फार तर काही मिनिटांनी, सर्व आपोआप मोकळे होते. हा अनुभव ज्याला येतो तो भयभीत होतो, आणि घरची माणसे 'भुताने दाबले', 'बाहेरचे लागले' असे म्हणून चिंतेत पडतात. तरुण मुलगी अथवा नवी सून असेल तर तिच्याकडे सारे घर निराळ्या दृष्टीने पाहू लागते. तिचे बोलणे, हसणे, रडणे, सर्वच त्या संशयाच्या चाळणीतून जाऊ लागते. भुतापेक्षा हा संशय अधिक काळ छातीवर बसून राहतो.

या अनुभवाचे कारण वर आलेच आहे. स्वप्नबहुल निद्रेत निसर्ग आपले स्नायू शिथिल करून ठेवतो. ही योजना आपल्या रक्षणासाठी आहे. ती नसती, तर स्वप्नात धावणारा मनुष्य खरोखरच अंथरुणातून उठून धावला असता. क्वचित असे घडते की, जाणीव आधी जागी होते आणि स्नायूंची शिथिलता क्षणभर मागे राहते. तैजस अजून गेला नाही आणि वैश्वानर आला, अशी ही संधी होय. स्वप्नाचा उरलेला अंश जागेपणीच्या खोलीत मिसळतो, आणि आकृती दिसते. छातीचे स्नायू मोकळे नसल्याने खोल श्वास घेता येत नाही, म्हणून भार जाणवतो. जागरण, झोपेच्या अनियमित वेळा, मनावरील ताण आणि उताणे निजणे यांमुळे असा प्रसंग अधिक वेळा येतो. जगातील सर्व देशांत असे अनुभव येतात, आणि प्रत्येक देशाने त्यास आपापल्या भुतांची नावे दिली आहेत.

श्रीहनुमंताचे नाव घेऊन भय कमी होत असेल, तर ते अवश्य घ्यावे. भय ओसरले की झोप लागते, आणि झोप नीट लागली की हा प्रसंगही विरळ होतो. परंतु ज्या व्यक्तीला असे झाले, तिला बाधा झालेली म्हणून वेगळे काढू नये, मारहाण तर कदापि करू नये. झोपेत अंगाला झटके येणे, जीभ चावली जाणे, दिवसा बोलता बोलता झोप कोसळणे, कित्येक रात्री मुळीच झोप न येणे, अथवा इतरांस न ऐकू येणारे आवाज दिवसाही ऐकू येणे, अशी लक्षणे असतील, तर देवदर्शनाबरोबरच वैद्यकीय तपासणी विनाविलंब करावी. मनाच्या त्रासासंबंधी सल्ला मिळावा म्हणून शासनाने ऑक्टोबर 2022 मध्ये 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली असून तिचा क्रमांक 14416 आहे. औषध घेतल्याने श्रद्धेस उणेपणा येत नाही. मूर्च्छित लक्ष्मणासाठी हनुमंताने औषधीच आणली होती.

जागर आणि झोप

आपल्या धर्मजीवनात जागरणाला मोठे स्थान आहे. कोजागरीस 'कोण जागा आहे' असे लक्ष्मी विचारते. महाशिवरात्रीस रात्र जागवितात. हरिनाम सप्ताहात अखंड वीणा खाली ठेवीत नाहीत. कार्तिकात पहाटे काकडा होतो. पण त्याच धर्मजीवनात शेजारतीही आहे, आणि आषाढी एकादशीस शयन करणारे भगवंत कार्तिकी एकादशीस उठतात, अशीही योजना आहे. देवालाही निजविणारी आपली परंपरा निद्रेला शत्रू मानीत नाही. चरकाचार्यांनी आहार, निद्रा व ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले, आणि रात्री स्वभावतः येणाऱ्या निद्रेला 'भूतधात्री', म्हणजे प्राणिमात्रांची दाई, असे नाव दिले. अतिनिद्रा करणाऱ्याला तसाच अतिजागरण करणाऱ्यालाही योग साधत नाही, हे गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी सांगितलेच आहे.

झोप दोन कारणांनी येते. जागेपणी मेंदूत 'ॲडिनोसीन' नावाचे द्रव्य साठत जाते व झोपेचा भार वाढवीत नेते. चहा-कॉफी त्या द्रव्याचा परिणाम तात्पुरता अडविते, भार मात्र उतरवीत नाही. दुसरे कारण म्हणजे मेंदूतील दिवस-रात्रीचे घड्याळ, जे डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावर आपली वेळ लावते. पेशींतील अशा घड्याळाची घटना उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांस 2017 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणूनच रात्री उशिरापर्यंत मोबाइलचा उजेड डोळ्यांवर घेणे हे घड्याळाचे काटे हाताने मागे फिरविण्यासारखे आहे.

आपल्या भागातील शेतकऱ्याला संत्र्याच्या बागेस रात्री ओलीत करावे लागते, रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी जागल करावी लागते. त्याचे जागरण हौसेचे नाही. अशा घरात सकाळी त्याची झोप मोडणार नाही, दिवसा त्याला अंधाऱ्या व शांत खोलीत निजता येईल, एवढी तजवीज करणे हे कुटुंबाचे कर्तव्य होय. रात्रभर भजनात जागलेल्या माणसाने पहाटे वाहन चालवीत घरी परतू नये. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची दक्षता मद्य घेतलेल्या माणसाप्रमाणे मंदावते, असे 1997 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले आहे. दर्शनाचे पुण्य घेऊन निघालेला मनुष्य घरी सुखरूप पोहोचला पाहिजे. तास-दोन तास मंडपात अंग टाकून मग निघावे.

आणि शेवटी ध्वनिक्षेपकाविषयी. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्यशासनास आहे. कायदा नसता तरी विचार करण्याजोगी गोष्ट आहे. मंदिराच्या शेजारी एखादी बाळंतीण असते, आजारी म्हातारे असतात, सकाळी परीक्षेस जाणारे मूल असते. सहा ते बारा वर्षांच्या मुलास दिवसाकाठी नऊ ते बारा तास, त्यापुढील अठरा वर्षांपर्यंतच्यास आठ ते दहा तास, आणि प्रौढास किमान सात तास झोप हवी. शिकलेले ज्ञान पक्के होण्याचे काम झोपेतही चालते. तेव्हा मुलाची झोप मोडणे म्हणजे त्याचा पाठच पुसणे होय. वीणेचा व टाळांचा नाद मंडपापुरता राहिला, तरी तो भगवंतास ऐकू जातो.

निजलेल्या माणसापाशी गेल्यावर राजा अजातशत्रूने जो प्रश्न विचारला, त्याचे पूर्ण उत्तर अद्याप कोणत्याही यंत्राने दिलेले नाही. परंतु ज्याच्याविषयी तो प्रश्न आहे, तो आपल्या प्रत्येक घरात रोज रात्री निजतो. त्याच्या निद्रेची राखण करणे, ही जागृत माणसाची उपासनाच समजावी.

घरी चर्चा करण्यासाठी प्रश्न

1. अजातशत्रूने हाका मारूनही न उठलेला मनुष्य हालविल्यावर उठला. यावरून ऐकण्याविषयी काय कळते?

2. 'मी सुखाने निजलो' हे स्मरण आहे की अनुमान? वेदान्ती व नैयायिक यांपैकी तुम्हांस कोणाचे म्हणणे पटते, आणि का?

3. आपल्या घरात सर्वांत कमी झोप कोणाची होते? ती वाढावी म्हणून इतरांनी कोणते काम वाटून घ्यावे?